गौराबाईच्या अंगणातलं आभाळ

गौराला आभाळ शिकवलं तिच्या नवऱ्यानं, आणि तेही तिच्याशी एक शब्द न बोलता.

लग्न होऊन ती कुंभिवलीहून लोधिवलीला आली तेव्हा अजून अंगानं पोरच होती. नवरा कोंडाजी गाडीवान. पनवेलच्या बंदरावर भात पोचवायचं, येताना मीठ, नारळ, कौलं भरून आणायची, कधी बोरघाट चढून लोणावळ्यापर्यंत जायचं, हा त्याचा धंदा. माणूस मुळात गप्पिष्ट. पण त्या काळात वडीलधाऱ्यांदेखत बायकोशी बोलणं म्हणजे लाजच सोडल्यासारखं. त्यामुळे लग्नाला सहा-सात महिने झाले तरी गौराला नवऱ्याचा आवाज ठाऊक होता तो फक्त बैलांना हाकारताना ऐकलेला.

मार्गशीर्षात भाताची झोडणी आटपली आणि गौरा माहेरपणाला निघाली. सोबत सासू. गाडीत पेंढा पसरलेला, त्यावर दोघी बसल्या, पुढे कोंडाजी. घरचं आवरता आवरता निघायला उशीर झाला आणि चौक गाव मागे पडेपर्यंत अंधारलं. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना झाडी. गौरा अंधाराला फार भ्यायची. तिनं गुडघे पोटाशी घेतले आणि डोळे गच्च मिटले. मागे वळून न बघताच कोंडाजीला ते कसं कळलं कोण जाणे. तो एकदम मोठ्यानं बैलाला म्हणाला,

"हरण्या, खाली काय बघतोस रं? वर बघ. त्या तीन चांदण्या एका रेघेत हायत ना, त्येला तिकांडं म्हणत्यात."

हरण्या आपला चालत राहिला. गौरानं मात्र डोळे उघडले.

"आणि कबऱ्या, तुला सांगतो, त्याच्या वरच्या अंगाला चांदण्यांचा घोस दिसतोय? त्या कृत्तिका. ज्याची नजर चांगली त्याला सहा दिसत्यात. तुला किती दिसत्यात रं?"

"सहा," गौरा हळूच म्हणाली, आणि आपण बोललो म्हणून तिनं पदर तोंडात धरला.

कोंडाजीनं बैलाच्या पाठीवर थाप मारली. "शाबास कबऱ्या! नजर चांगली हाय तुझी."

असं बराच वेळ चाललं. बैलांना व्याध दाखवून झाला, हरणाचे चार पाय दाखवून झाले, आकाशगंगा झाली. शेवटी सासू वैतागून म्हणाली, "कोंड्या, बैलांना काय पुराण सांगतोस? तिला सांग की सरळ. मी झोपलेय." आणि डोक्यावरून पदर ओढून ती घोरायला लागली. ते घोरणं इतकं खोटं होतं की गौराला हसू आवरेना. कोंडाजीही हसला. कुंभिवली येईपर्यंत गौराचा अंधार कुठल्या कुठे गेला होता.

पुढे ती दोघं उघड बोलायला लागली. उन्हाच्या दिवसांत बैलांना सोसत नाही म्हणून गाड्या रात्रीच्याच चालत. संध्याकाळी गाडी जुंपताना कोंडाजी तिला सांगून जायचा, "खाटलं त्या चिंचेच्या शेंड्याआड गेलं की समज, मी पनवेल सोडलं." खाटलं म्हणजे सप्तर्षी. चार चांदण्यांची म्हातारीची खाट आणि ती ओढून नेणारे तीन चोर. गौरा अंगणात बसून खाटेकडे बघायची आणि मनानं गाडीबरोबर चालायची.

तिच्या आळीत गाडीवानांचीच घरं होती. पुरुष बाहेर गेले की उरायच्या बायका आणि पोरं. वैशाखात घरात जीव उकडायचा. पोरं किरकिरायची, बाप कुठं गेला म्हणून विचारायची. एका संध्याकाळी जेवणं झाल्यावर शेजारचं एक पोर रडायचं थांबेना, तेव्हा गौरानं त्याला उचलून आपल्या अंगणात आणलं, उताणं निजवलं आणि म्हणाली, "तुझा बाप त्या खाटेखालून चाललाय बघ." पोर रडायचं थांबलं. दुसऱ्या दिवशी आणखी चार पोरं आली. मग त्यांच्या आया आल्या, हातात घोंगड्या घेऊन.

अंगण शेणानं सारवलेलं, गुळगुळीत. गौरानं टोपलीतले चिंचोके काढले आणि पोरांना खेळ शिकवला. एकानं वर बघून सांगायचं, दुसऱ्यानं खाली चिंचोके मांडायचे. "एक इथं. त्याच्या खाली दुसरा. नाय गं, एवढा लांब नाय!" अशी भांडणं व्हायची. मांडून झालं की सगळ्यांनी वाकून बघायचं, वरचं आणि खालचं एक दिसतं का ते. खाटल्याची गोष्ट तर पोरं स्वतःच करून दाखवायची. चौघं चार पायांच्या जागी बसायची, तिघं चोर होऊन त्यांना ओढायची, आणि म्हातारी व्हायला सगळ्यांनाच हवं असायचं, कारण म्हातारीला चोरांना झोडपायला मिळायचं. शेजारच्या बायका पोट धरून हसायच्या. प्रत्येक पोराला एकेक चांदणी स्वतःची म्हणून दिलेली होती. गौराचा मुलगा नागू बोलायला लागला तेव्हा त्यानं सरळ शुक्राची चांदणीच मागून घेतली, आणि ती काही महिने गायब झाली की तो रुसून बसायचा.

डोंगराच्या पायथ्याला ठाकरांची वाडी होती. तिथली चिमा गावात लाकडाची मोळी विकायला यायची, उन्हाळ्यात करवंदं घेऊन यायची. एकदा तिला परतायला उशीर झाला. बरोबर तिची लहानगी मंगळी होती. गौरानं दोघींना ठेवून घेतलं. रात्री अंगणात पोरांचा खेळ सुरू झाला तशी मंगळी कडेला उभी राहून बघू लागली. गौराच्या सासूनं जरा कपाळाला आठी घातली. ठाकरणीची पोर आपल्या पोरांत नको, असं तिच्या मनात असावं. पण मंगळी कुणी बोलवायची वाट न बघता पुढे आली, मांडलेल्या चिंचोक्यांकडे बघितलं आणि एक चिंचोका उचलून बोटभर बाजूला ठेवला. सगळ्यांनी वर बघितलं. तिचंच बरोबर होतं.

"डोळं हायत का काय हायत हिला!" सासू म्हणाली, आणि सरकून तिला आपल्या घोंगडीवर जागा दिली.

चिमाही बसली. ती म्हणाली, "तुमच्या त्या कृत्तिका हायत ना, माझा बाप त्यांला कोंबडी नि पिल्लं म्हणायचा. आणि तुमचं तिकांडं, त्यो आमचा नांगर."

"नांगर!" गौरा टाळी वाजवून म्हणाली. "खरंच गं, नांगरच तो!"

त्या दिवसापासून अंगणात दोन्ही नावं चालू लागली. मंगळी जवळजवळ दर बाजाराच्या दिवशी आईबरोबर यायची आणि मुक्कामाला राहायची.

असं सगळं मजेत चाललेलं असताना एकोणीसशे दहा साल उजाडलं. त्या वैशाखात दोन मोठ्या गोष्टी घडल्या. एक म्हणजे गौराची नणंद जना हिचं लग्न ठरलं. मुलगा धाकलू, कुंभिवलीचाच, म्हणजे गौराच्या माहेरचा. सोयरीक गौरानंच जुळवलेली. तिनं धाकलूला लहानपणापासून बघितलं होतं. पापड-कुरडया झाल्या, मांडवाच्या मेढी आल्या, जना आरशात बघून स्वतःशीच हसायला लागली.

दुसरी गोष्ट म्हणजे शेंडेनक्षत्र.

कोंडाजीनं पहिल्यांदा ते पनवेलहून परतताना पहाटे बघितलं. घरी आला तो उतरलेल्या चेहऱ्यानं. बैल सोडले, पाणी प्यायला, मग म्हणाला, "गौरे, आभाळात शेपटीची चांदणी आलीय. बाजारात लोकं काय काय बोलत्यात. म्हणं, तिची शेपूट पृथ्वीला लागणार, हवेत वीख पसरणार, माणसं बसल्या जागी मरणार. आमच्यातले दोघं तर म्हणाले, आता रातच्याला गाडी जुंपणार नाय."

गौरा घाबरली. ज्याच्या जिवावर आपण अंधारात बाहेर पडायला शिकलो, तोच घाबरलाय म्हटल्यावर तिनंही त्या संध्याकाळी लवकर दाराला कडी घातली. गावात दारं लवकर बंद व्हायला लागली. पहाटे कुणी परसातसुद्धा जाईना. पोरांना अंगणात सोडू नका, असं म्हाताऱ्यांनी सांगितलं. पोरं घरात कोंडली गेली आणि नुसती भीतीनं कुजबुजत राहिली.

दोन दिवस गौरानं हे बघितलं. तिसऱ्या पहाटे ती एकटीच उठली. दाराची कडी काढायला जाऊन ती दोनदा मागे फिरली, असं ती पुढे हसत हसत सांगायची. अंगणात आली, आणि पूर्वेला घाटाच्या रांगेकडे बघून जागच्या जागी उभी राहिली. शुक्राची चांदणी लखलखत होती, आणि तिच्या शेजारी ते. पिंजलेल्या कापसासारखं डोकं आणि वर उभी गेलेली पांढरी, लांबच लांब, पारदर्शक शेपूट. शेपटीतून पलीकडच्या चांदण्या दिसत होत्या. वारा पडलेला. कुठेतरी कोंबडा आरवला. गौरा खालीच बसली. भीती आहे का नाही हेसुद्धा तिला आठवेना. एवढी देखणी वस्तू आपल्या अंगणातून दिसते आणि आपण दारं लावून आत बसलोय, एवढंच तिच्या मनात आलं.

तिनं आत जाऊन नागूला उठवलं. मग शेजारची पोरं उठवली. त्यांच्या आया आधी "नको गं बाई" म्हणाल्या आणि मग पोरांच्या मागोमाग स्वतःच आल्या. चिमा आणि मंगळी बाजारासाठी मुक्कामाला होत्या, त्याही उठल्या, आणि पुढचे काही दिवस लग्नाच्या कामाला तिथंच राहिल्या.

"मोराचा पिसारा," मंगळी म्हणाली.

"नाय, केरसुणी," नागू म्हणाला.

केरसुणी ठरली. दुसऱ्या पहाटेपासून पोरांनी त्याचाही खेळ केला. शुक्राच्या जागी मोठा चिंचोका, घाटाच्या डोंगरासाठी ओळीनं दगड, शेंडेनक्षत्राच्या डोक्याच्या जागी गुंज आणि शेपटीला केरसुणीचा हीर. हात लांब करून, मूठ वळून, डोंगरापासून ते किती मुठी वर आहे ते मोजायचं. आदल्या दिवसाची गुंज उचलायची नाही, तिच्यापुढे नवी ठेवायची. बघता बघता अंगणात गुंजांची एक तिरकी ओळ तयार झाली. ते रोज खाली खाली उतरत होतं, सूर्याच्या दिशेनं.

"त्याला सुर्व्याकडं जायाचंय," मंगळीनं सांगून टाकलं. "आपल्याकडं नाय येत."

एवढ्यात कुंभिवलीहून माणूस आला. धाकलूच्या बापाचा, बुधाजीचा निरोप होता. आभाळात अपशकुन आहे, अशात लग्न नको, पुढच्या साली बघू.

जना गोठ्यात जाऊन रडली. सासू ओट्यावर बसून राहिली. "पुढच्या सालाचं कुणी बघितलंय?" ती म्हणाली. "मोडलं म्हणायचं." गौराला सगळ्यात जास्त लागलं, कारण शब्द तिनं टाकला होता. पण रडत बसण्याचा तिचा स्वभाव नव्हता. तिनं त्याच माणसाकडे उलट निरोप दिला, "बुधाजीमामांना आणि मामींना म्हणावं, आंबे उतरवलेत. रस खायला या, राहायलाच या. लग्नाचं नाव कुणी काढणार नाय."

बुधाजी मनाचा वाईट नव्हता. नाही म्हणायला त्याला जड गेलं. दुसऱ्या दिवशी ऊन आहे तोवरच तो आणि त्याची बायको अंबाबाई आली. रस झाला, तांदळाच्या भाकऱ्या झाल्या, पावसाच्या आणि बैलांच्या गोष्टी झाल्या. लग्नाचं नाव खरंच कुणी काढलं नाही. जना वाढायला आली तेव्हा अंबाबाईनं तिच्याकडे बघून सुस्कारा सोडला, तेवढंच.

पहाटे अंगणात पोरांची लगबग सुरू झाली तशी बुधाजीला जाग आली. "काय गडबड हाय?" त्यानं विचारलं.

"पोरं केरसुणी बघायला उठलीयत," गौरा म्हणाली. "तुमी झोपा मामा."

"कसली केरसुणी?"

अंबाबाई मात्र उठून दाराशी गेली होती. तिथूनच तिचा आवाज आला, "अगं बया! अवं, हिकडं या!"

"मी नाय येत. तू पण आत ये. चांगलं नसतं ते."

"या म्हणते ना!"

बुधाजी घोंगडी पांघरून दारापर्यंत आला. उंबऱ्यावर थबकला. अंगणात पोरं ओणवी होऊन गुंजा मांडत होती, एकालाही भीती म्हणून नव्हती. त्यानं मान हळूच वर केली.

"आठवतंय का?" अंबाबाई म्हणाली. "आपलं लग्न झालं त्या साली. भात पोटरीला आलं होतं. तवा असंच आलं होतं की वो! तुमी मला पहाटं उठवलंत, हाताला धरून खळ्यावर नेलंत आणि म्हणालात, बघ, तुझ्यासाठी आणलंय."

कोंडाजी खोकला. चिमानं तोंडाला पदर लावला.

"म्या?" बुधाजी म्हणाला.

"मग काय शेजाऱ्यानं? आणि त्या साली भात ठेवायला कणग्या पुरल्या नव्हत्या. पहिला पोरगा झाला. काय वाईट झालं सांगा?"

बुधाजी अंगणात उतरला. पोरांच्या शेजारी उकिडवा बसला. गुंजांची ओळ बघितली, पुन्हा वर बघितलं. म्हाताऱ्याच्या चेहऱ्यावर हळूहळू हसू आलं, आपल्याच जवानीची आठवण सापडल्यासारखं.

"तवा ते ह्याच्यापेक्षा ठळक होतं," तो म्हणाला. "शेपूट जरा वाकडी होती." मग गौराकडे वळला. "पोरी, तू आमाला रस खायला नाय बोलावलंस."

"रस पण होताच की मामा."

तो मोठ्यानं हसला. "भटाला इचार, म्होरचा मुहूर्त कदी हाय."

आत जनाच्या हातातलं भांडं पडल्याचा आवाज सगळ्यांनी ऐकला.

लग्न पौर्णिमा उलटल्यावर झालं, गोरज मुहूर्तावर. तोवर शेंडेनक्षत्र पहाटेचं दिसेनासं झालं होतं. ज्या दिवशी जग बुडणार म्हणून बोभाटा होता तो दिवस येऊन गेला, आणि लोधिवलीत त्या दिवशी एका म्हशीला रेडकू झालं, त्यापलीकडे काही घडलं नाही. पोरांना मात्र त्यांची केरसुणी हरवली म्हणून वाईट वाटत होतं. आणि लग्नाच्या संध्याकाळी, अक्षता पडल्या, वाजंत्री थांबली, उजेड विझत आला तसं पनवेलच्या बाजूला, मावळतीला ते पुन्हा दिसलं. फिकं झालेलं, पण तेच. पोरं मांडव सोडून ओरडत पळाली आणि त्यांच्यामागे निम्मं वऱ्हाड पळालं. नवरीच्या स्वागताला आलंय, असं कुणीतरी म्हणालं, आणि ज्यांनी महिनाभर दारं लावली होती तेही माना डोलवायला लागले.

मग भटजींनी नवरानवरीला बाहेर आणलं. इरशाळच्या डोंगरावर टेकल्यासारखा दिसणारा ध्रुव दाखवला. त्यानंतर म्हणाले, "आता अरुंधती बघा. सप्तर्षींच्या शेपटीतला मधला तारा, त्याला चिकटून एक बारीक आहे, ती अरुंधती. दिसली?"

धाकलूनं मुंडावळ्यांतून वर बघितलं आणि सगळे नवरे म्हणतात तसं म्हटलं, "दिसली."

"खोटं!" नागू किंचाळला. "नवरदेव तिकडं बघतच नायत! ते चिंचेकडं बघत्यात!"

मांडवात हशा पिकला. भटजीसुद्धा हसले. धाकलू लाजून लालबुंद झाला. नागू आणि मंगळी दोघं दोन बाजूंनी त्याला लोंबकळली. "खाटलं बगा. आता तीन चोर. मधला चोर. त्याच्या खांद्यावर काय बसलंय?" धाकलू मान मागे टाकून, डोळे बारीक करून शोधत राहिला. सगळं वऱ्हाड ताटकळलं, पंगतीचा भात निवत चालला. कोंडाजी म्हणाला, "बैलांना यापरीस लवकर दिसायचं." शेवटी जनाच, नवरीनं बोलू नये हे विसरून, म्हणाली, "माझ्या बोटाच्या सरळ रेषेत बगा."

"दिसली!" धाकलू ओरडला. आणि या वेळी ते खरं होतं, कारण त्याचा आवाजच वेगळा होता.

कुंभिवलीला गेल्यावर जनानं आपल्या सासरच्या अंगणात चिंचोके मांडले, हे सांगायला नकोच.

पुढची वर्षं भराभर गेली. खोपोलीला वीजघर झालं, त्याचे दिवे कोंडाजीला गाडीवरून दिसत आणि नवख्या बैलांना बुजवत. मग पुण्याच्या रस्त्यावर मोटारी आल्या, त्यांच्यामागून मालाच्या लॉऱ्या आल्या. जो माल न्यायला गाडीला रात्र लागायची तो लॉरी जेवणाच्या आत पोचवायची. गाडीवानांचं रात्रीचं काम हळूहळू सुटलं. कोंडाजी काही दिवस रिकाम्या गाडीपाशीच बसून राहायचा. जवळपासचा पेंढा, शेणखत, कौलं वाहायची, एवढंच काम राहिलं. पण गौराबाई एकदा त्याला म्हणाली, "एवढी वर्षं मी खाटल्याकडं बघून तुमची वाट बघितली. आता खाटलं बघायला तुमी शेजारी हाव. मला तर लॉरीवाल्याला ओवाळावंसं वाटतं." कोंडाजी हसला, आणि त्या रात्रीपासून अंगणात तोही आडवा पडू लागला. पोरांना घाटातल्या गोष्टी सांगायचा. त्यातल्या निम्म्या खऱ्या असायच्या.

ओढाताणीची सालं आली, तापाची साथ आली, त्यात सासू गेली. शेवटच्या दिवसांत तिची बाज अंगणात काढायला लावून ती कृत्तिका मोजायची आणि दर वेळी वेगळा आकडा सांगायची. तिच्यामागून पहिल्या उन्हाळ्यात पोरं आली तेव्हा तिची घोंगडी कुणी अंथरली नाही. मग मंगळीनंच ती आणून अंथरली, आणि त्यावर सगळ्यात लहान पोराला बसवलं.

एकोणीसशे तीसच्या पुढे गौराबाईच्या डोळ्यांत मोतीबिंदू उतरला. आधी अरुंधती गेली. मग कृत्तिका एकमेकींत मिसळल्या. मग तिकांडं. चंद्र तेवढा राहिला, तोही वितळलेल्या लोण्यासारखा. पहिल्या-पहिल्यांदा ती संध्याकाळी आतच बसायची. नागूची मुलं तेव्हा खेळायच्या वयाची होती. त्यांनी तिला बाहेर ओढून काढलं, आणि खेळ उलटा सुरू झाला. आता पोरांनी बघायचं, सांगायचं, आणि चिंचोके गौराबाईनं मांडायचे. हातानं चाचपून ती ठेवायची, बोटांनी अंतर घ्यायची. पोरांना नीट सांगावं लागायचं; "तिकडं" म्हटलेलं चालायचं नाही.

पोरं चावटपणाही करायची. एकदा नागूच्या पोरानं थंडीच्या दिवसांत, जेवणानंतर, छातीठोकपणे सांगितलं, "आजी, विंचू उगवलाय. मोठाच्या मोठा."

"माघात? ह्या वेळेला? विंचवाच्या चांदण्या उन्हाळ्यात येत्यात," गौराबाई म्हणाली. "मग पाय वर घेऊन बस बाबा, तो आभाळातला नसंल."

पोरगं खरंच पाय वर घेऊन बसलं. कोंडाजी हसून हसून खोकू लागला.

मंगळीचं लग्न होऊन ती माथेरानच्या वाटेवरच्या वाडीत गेली होती. उन्हाळ्यात वर हॉटेलांत पाणी भरायला जायची. तिची मुलगी कमळी सात-आठ वर्षांची. एका वैशाखात मंगळी मुलीला घेऊन गौराबाईला भेटायला आली, येताना जांभळं घेऊन. दिवेलागणीनंतर जेवणं झाली, अंगण भरलं. दक्षिणेकडे, झाडांच्या वर, विंचू उगवला होता. तांबडी ठळक चांदणी आणि खाली वळत गेलेली नांगी.

"सांग गं कमळे," गौराबाई म्हणाली. "काय दिसतंय?"

कमळीला विंचू कुणी दाखवला नव्हता. ती बघत राहिली आणि म्हणाली, "गाडी."

पोरं खिदळली. "गाडी कुठली? विंचू हाय तो!"

"गाडी हाय," कमळी हटून म्हणाली. "माथेरानची. म्होरं तांबडा दिवा हाय. मागं डबं हायत. वळणावर वाकडी झालीय."

अंगणात गलका झाला. नागूच्या पोरांचं म्हणणं, आजीनं विंचू म्हटलंय तर विंचूच. कमळी ऐकेना. मंगळी तिला दटावायला लागली, तसं गौराबाईनं हात वर केला.

"थांबा रं. मी ती गाडी कदी बघितली नाय. कशी असते गं?"

कमळी तिच्या पुढ्यात येऊन बसली. चिंचोक्यांची टोपली जवळ ओढली. एक गुंज ठेवली, "ह्यो दिवा." मग एकेक चिंचोका ठेवत गेली. "ह्यो एक डबा. ह्यो दुसरा. हितं डोंगर येतो ना, म्हणून ती अशी वळते. मग अशी. आणि शेवटचे डबे पुन्हा वर येत्यात. तवा आतली माणसं म्होरच्या डब्यातल्या माणसांना हात करत्यात."

गौराबाईनं बोटं त्या ओळीवरून फिरवली. गुंजेपासून सुरुवात करून वळणापर्यंत, वळणावरून शेवटपर्यंत. पुन्हा एकदा फिरवली. तिचा चेहरा उजळला.

"हात करत्यात?"

"हां. ओरडत्यात पण."

"मग गाडीच," गौराबाई म्हणाली. "विंचवात माणसं कुठनं बसणार? नागू, तुझ्या पोरांना सांग, आजपास्नं ही माथेरानची गाडी."

नागूच्या पोरांनी थोडी कुरकुर केली. मग त्यातल्या एकानं उठून आभाळाकडे हात हलवला आणि शिट्टी घातली. बाकीचीही उठली. कोंडाजीनं बसल्या जागेवरून इंजिनाचा आवाज काढला. सगळं अंगण दक्षिणेकडे तोंड करून हात करू लागलं, आणि गौराबाईनंही केला. तिचा हात जरा चुकीच्या बाजूला होता, तो कमळीनं हळूच धरून बरोबर केला.